व्हिएतनाम युद्धावरील कॉमिक्समधला सैनिक आणि आपल्या घरातला जवान

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार. बेळगावच्या कॅम्पमधील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला 'द नाम' या व्हिएतनाम युद्धावरील अमेरिकन कॉमिकचे चार सुटे अंक मिळाले. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून १९७१ च्या युद्धाविषयी ते घरात जवळजवळ कधीच बोलत नाहीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, तरीही त्यांनी चारही अंक शेवटच्या पानापर्यंत पाहिले, आणि एका चित्रातील जवानाच्या कमरपट्ट्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे काढणारा माणूस बघून काढतोय." त्या एका वाक्यामुळे मी हा प्रश्न विचारत आहे. या कॉमिक्समधील सैनिकाचा अनुभव कितपत खरा मानावा? आणि त्याच धर्तीवर, म्हणजे एका अंकात एक महिना अशा रीतीने, वडिलांच्या नोकरीची चित्रकथा गावातील मुलांसाठी मराठीत करता येईल का?

शहापूरचा वाचक

तुमच्या वडिलांची नजर अचूक आहे. 'द नाम' मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने १९८६ च्या अखेरीस सुरू केले आणि १९९३ पर्यंत त्याचे ८४ अंक निघाले. लेखक डग मरे हे स्वतः व्हिएतनाममध्ये नोकरी करून आलेले होते आणि संपादक लॅरी हामा यांनीही त्या युद्धाच्या काळात अमेरिकन लष्करात नोकरी केली होती. सुरुवातीचे चित्रकार मायकेल गोल्डन यांनी माणसांचे चेहरे काहीसे व्यंगचित्रासारखे काढले, पण बंदूक, हेल्मेट, पट्टे आणि हेलिकॉप्टर यांचा तपशील मात्र अतिशय काटेकोर ठेवला. १९६६ मध्ये तेथे पोहोचलेला एड मार्क्स हा कोवळा जवान अंकागणिक एका महिन्याने जुना होत जातो आणि मुदत संपल्यावर घरी परततो. सैनिकांच्या बोलीतील शब्दांचे अर्थ अंकातच दिलेले असत आणि वाचकांच्या पत्रांमध्ये माजी सैनिकांची पत्रेही येत.

मर्यादा सांगायची तर, हे कॉमिक तेथील कॉमिक्स कोडची, म्हणजे कॉमिक्समध्ये काय छापावे याविषयी प्रकाशकांनीच घालून घेतलेल्या नियमावलीची, मंजुरी घेऊन निघत असल्यामुळे शिव्या, रक्तपात आणि व्यसने यांना त्यात फारशी जागा नव्हती. पुढे मरे बाजूला झाले, आणि खप टिकवण्यासाठी पनिशरसारखे मार्व्हलचे नायक त्यात आणले गेले, तेव्हा सुरुवातीचा कस राहिला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पहिली काही वर्षे मन लावून वाचावीत. डॉन लोमॅक्स यांचे १९८७ मधील 'व्हिएतनाम जर्नल' अधिक कठोर आहे. त्यात एक वार्ताहर जवानांबरोबर हिंडतो आणि त्यांच्याच गोष्टी लिहितो.

चिकोडीहून

वरील उत्तरात सगळे सैनिकाच्याच बाजूने आले आहे, म्हणून एक भर घालतो. 'ब्लेझिंग कॉम्बॅट' हे कृष्णधवल नियतकालिक १९६५-६६ मध्ये केवळ चार अंक निघून बंद पडले. आर्ची गुडविन यांनी लिहिलेली आणि जो ऑर्लँडो यांनी चितारलेली त्यातील 'लँडस्केप' ही कथा एका वृद्ध व्हिएतनामी शेतकऱ्याची आहे. राज्ये आणि फौजा येतील आणि जातील, आपले भात मात्र पिकत राहील, अशी त्याची समजूत असते, आणि अखेरीस त्याच भातखाचरात तो मारला जातो. युद्ध ऐन भरात असताना ही कथा छापली गेली. तिच्यावर तेथील माजी सैनिकांच्या संघटनेने आक्षेप घेतला, लष्करी तळांवरील दुकानांतून नियतकालिकाची विक्री थांबली आणि ते टिकू शकले नाही. खानापूर तालुक्यात भाताच्या रोपलावणीत गुडघाभर चिखलात उभे राहिलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. वडिलांच्या चित्रकथेत ज्यांच्या शेतातून पलटण गेली, त्या माणसांनाही एखादे पान द्यावे, अशी मनापासून विनंती करतो.

निवृत्त सुभेदार, निपाणी

मी पायदळात २८ वर्षे काढली आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरतेच लिहितो. एका अंकात एक महिना ही रचना अमेरिकन जवानाला शोभते, कारण त्याच्या नोकरीचा आकारच तसा होता. त्यांच्या लष्करात व्हिएतनाममधील मुदत बारा महिन्यांची आणि मरीन दलात तेरा महिन्यांची असे. तो एकटा येई, अनोळखी माणसांत पडे, राहिलेले दिवस मोजत राही आणि मुदत भरली की तुकडीला तेथेच सोडून एकटाच परत जाई. कॉमिकमध्ये ओळखीचे चेहरे सतत निघून जातात ते यामुळेच.

आपल्याकडे जवान पलटणीबरोबर जातो आणि पलटणीबरोबरच परततो. भरतीच्या दिवशी शेजारच्या खाटेवर असलेला गडी पंधरा वर्षांनीही त्याच लंगरमध्ये जेवायला बसलेला असतो. आपला माणूस दिवस मोजतो ते सुट्टीचे. तेव्हा महिन्यांऐवजी सुट्ट्यांवर गोष्ट बेतावी : प्रत्येक भागात वडील रेल्वेने खानापूर स्टेशनवर उतरतात, दोन महिने घरी राहतात आणि पुन्हा निघतात. मधले युद्ध त्यांच्या बोलण्यातून जेवढे बाहेर पडेल, तेवढेच चित्रात यावे. त्यांना थेट लढाईविषयी विचारू नका. सुट्टीविषयी विचारा.

खानापूरकर

आपणा सर्वांचा ऋणी आहे. सुभेदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री जेवणानंतर वडिलांना पहिल्या सुट्टीविषयी विचारले. ते काही न बोलता उठले आणि माळ्यावरची काळी ट्रंक मला खाली घ्यायला लावली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव आहे. नावाआधीचा हुद्दा मात्र तीनदा रंगवलेला आहे, कारण 'शिपाई' काळ्या रंगाने बुजवून त्यावर 'नाईक' आणि तेही बुजवून 'हवालदार' लिहिलेले आहे. दिवा तिरपा धरला की खालची दोन्ही अक्षरे उठून दिसतात. यातला 'नाईक' कोणत्या सुट्टीत रंगवला, हे सांगायला त्यांनी सुरुवात केली आणि ७१ सालचा डिसेंबर त्यात आपणहून आला. पहिल्या पानावर हेच झाकण काढणार आहे.