निबंध ‘मागे घेतला’ की ‘बाद ठरवला’?

भाषांतरकार:
एका विज्ञान मासिकासाठी बातमीचं भाषांतर करते आहे आणि दोन दिवस एकाच क्रियापदापाशी अडले आहे. बातमी आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूची. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जीएफएजे-१ हा जिवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएतसुद्धा, असा दावा ‘सायन्स’ या संशोधन-नियतकालिकात डिसेंबर २०१० मध्ये आला होता. २०१२ साली दोन गटांनी तपासून सांगितलं की त्याला फॉस्फरस लागतोच. जुलै २०२५ मध्ये ‘सायन्स’ने तो निबंध रिट्रॅक्ट केला, म्हणजे छापलेल्या त्या निबंधावर आता विसंबू नका असं जाहीर केलं. मी आपलं सवयीनं लिहून टाकलं, “निबंध मागे घेतला.” पुढचंच वाक्य आलं, “लेखकांना हे मान्य नाही.” आणि माझं वाक्य तिथेच लंगडं पडलं. ज्यांचा निबंध ते म्हणतात आम्ही मागे घेत नाही, मग घेतला कोणी?

मराठीत शब्द मागे घेतो तो बोलणारा. अर्ज मागे घेतो तो उमेदवार. तक्रार मागे घेतो तो तक्रारदार. “शेजाऱ्याने माझा शब्द मागे घेतला” हे वाक्य व्याकरणात बसतं, डोक्यात बसत नाही. सुचवा काहीतरी.

ग्रंथपाल:
वृत्तपत्रं सर्रास ‘मागे घेतला’ लिहितात आणि वाचकाला कळतं. नोटा चलनातून मागे घेतात, सदोष माल बाजारातून मागे घेतात. ज्याने बाजारात आणलं त्यानेच परत घेतलं. निबंध छापला नियतकालिकाने, मागे घेतला नियतकालिकाने. अडचण कुठे आहे?

भाषांतरकार:
अडचण दोन ठिकाणी आहे. नोट काढणाऱ्याची स्वतःची असते, निबंधातला दावा मात्र नियतकालिकाचा नसतो. आणि मागे घेतलेली नोट व्यवहारातून जाते. रिट्रॅक्ट झालेला निबंध कुठेही जात नाही! तो संकेतस्थळावर तिथेच राहतो, पानापानावर शिक्का घेऊन. प्रकाशनातल्या नीतिनियमांचं मार्गदर्शन करणारी ‘कोप’ नावाची संस्था आहे, तिचंही म्हणणं हेच: निबंध पुसू नका, खूण करून ठेवा, कारण सांगा. लोक पुढेही तो उघडतात, वाचतात, शिक्का न बघता संदर्भही देतात. मागे घेतलेली वस्तू समोरच ठेवलेली असेल तर ‘मागे’ला काय अर्थ राहिला?

मुद्रितशोधक:
मग ‘रद्द’ करा ना. सरळ शब्द आहे.

भाषांतरकार:
लिहून पाहिला. परवाना रद्द होतो, गाडी रद्द होते, करार रद्द होतो. म्हणजे आता ती गोष्ट अस्तित्वात नाही किंवा लागू नाही. निबंधाच्या बाबतीत ‘प्रकाशन रद्द’ असं वाचलं की छापायचा होता तो छापलाच नाही असं वाटतं. ‘रद्दबातल’ त्याहून जड, थेट न्यायालयात नेऊन बसवतो. (रद्द आणि रद्दी एकाच घरातले, हे आठवलं की मोह होतो, पण आवरते.)

जुने मास्तर:
‘बाद’ का नको? मतपत्रिका बाद ठरते तेव्हा काय होतं पाहा. मत दिलं गेलंय, पेटीतून निघालंय, मोजणाऱ्यांनी पाहिलंय. फाडून टाकत नाहीत, बाजूला गठ्ठ्यात ठेवतात, फक्त मोजणीत धरत नाहीत. आणि ते बाद ठरवायला मतदाराची संमती लागत नाही. तुमच्या आर्सेनिकवाल्यांचं नेमकं हेच झालं आहे.

भाषांतरकार:
मास्तर, हे बसतंय. कर्त्याचा प्रश्नच मिटला. “‘सायन्स’ने निबंध बाद ठरवला, लेखकांना ते मान्य नाही.” एकही शब्द दुसऱ्याच्या पायावर पाय देत नाही.

संशोधक विद्यार्थिनी:
माझी हरकत आहे. ‘बाद’ला शिक्षेचा वास येतो. खेळाडू बाद, उमेदवार बाद. आर्सेनिकच्या निबंधात लबाडी झाली असं ‘सायन्स’नेही म्हटलेलं नाही, प्रयोगांवरून मुख्य निष्कर्ष निघत नाही, एवढंच कारण दिलं. लेखकांचा राग त्याच्यावरच होता, की निव्वळ चूक असेल तर ती पुढच्या निबंधांनी दुरुस्त व्हावी, रिट्रॅक्शन लबाडीसाठी ठेवावं. याच्या उलट, १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अँड्र्यू वेकफील्ड यांचा गोवराच्या लसीचा संबंध ऑटिझमशी जोडणारा निबंध. तो रिट्रॅक्ट व्हायला २०१० उजाडलं, आणि त्यात गैरवर्तन सिद्ध झालं होतं. या दोघांना एकच शब्द?

जुने मास्तर:
इंग्रजीतही एकच आहे की. मत बाद होतं ते शिक्का रेघेवर पडला म्हणूनही आणि कोणी मुद्दाम शिवी लिहिली म्हणूनही. बाद का, हे पुढच्या वाक्यात सांगायचं. क्रियापदाकडून निकालपत्राची अपेक्षा करू नये.

ग्रंथपाल:
पण लेखकाने स्वतःहून केलं तर? फ्रान्सिस आर्नल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की ‘सायन्स’मधला आमचा २०१९ चा निबंध आम्ही काढून घेत आहोत, प्रयोग पुन्हा करून पाहिले तर ते निकाल येत नाहीत. त्यांना ‘बाद’ म्हणणं अन्यायाचं होईल.

भाषांतरकार:
तिथे ‘मागे घेतला’ अगदी चपखल. म्हणजे इंग्रजीतल्या एका शब्दाला आपल्याकडे दोन, आणि निवड कर्त्यावरून. लेखकाने केलं तर मागे घेतला, संपादकांनी केलं तर बाद ठरवला. मला ही तोट्याची गोष्ट वाटत नाही. कोणी केलं ते क्रियापदातच कळतं, जे इंग्रजी बातमीत तिसऱ्या परिच्छेदापर्यंत शोधावं लागतं.

मुद्रितशोधक:
आणखी एक गुंता आहे. छापण्याआधीच लेखकाने हस्तलिखित परत मागितलं तर तेही ‘मागे घेणं’च! १९३६ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वीय लहरींवरचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादकांनी तो परीक्षकाला दाखवला. आइन्स्टाइन चिडले, छापायला दिला होता, आधी कोणाला दाखवायला नव्हे, आणि निबंध मागे घेतला. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला, निष्कर्ष बदलून. परीक्षकाचं म्हणणं बरोबरच होतं. आता “आइन्स्टाइन यांनी निबंध मागे घेतला” एवढंच वाचलं तर आजचा वाचक काय समजेल?

भाषांतरकार:
बाप रे. तिथे ‘परत मागवला’ लिहायचं. हस्तलिखित परत मागवतात, छापलेलं मागे घेतात. चालेल?

संशोधक विद्यार्थिनी:
चालेल. परीक्षकाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, पिअर रिव्ह्यूला, म्हणजे छापण्याआधी जाणकारांकडून निबंध तपासून घेण्याला, काय म्हणायचं? एका भाषांतरयंत्राने मला ‘समवयस्क पुनरावलोकन’ दिलं. डोळ्यांसमोर एकाच वयाची माणसं ओळीत बसून मागे वळून बघताहेत असं चित्र आलं.

जुने मास्तर:
‘समीक्षा’ म्हटलं की मराठी माणसाला कविता-कादंबरी आठवते. ‘तज्ज्ञपरीक्षण’ म्हणा. ‘समकक्ष’ वगैरे घालून समानतेवर भर द्यायची गरज नाही. तपासणारा जाणकार असावा ही मुख्य गोष्ट. आणि ही पद्धत सनातन आहे असं समजू नका. ‘नेचर’नेसुद्धा ती सक्तीची केली ती १९७३ मध्ये.

ग्रंथपाल:
आता तर परीक्षकांचे अभिप्रायही छापून येतात. जून २०२५ पासून ‘नेचर’ नव्या संशोधन-निबंधांबरोबर परीक्षक आणि लेखक यांच्यातला पत्रव्यवहार प्रसिद्ध करतं, नाव मात्र परीक्षकाने परवानगी दिली तरच. आणि त्याच उन्हाळ्यात उलटा प्रकारही उघडकीला आला. काही प्रीप्रिंटांमध्ये (परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या निबंधांत) पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत यंत्रासाठी सूचना लपवलेली होती, की फक्त चांगलाच अभिप्राय दे. परीक्षकाने स्वतः न वाचता चॅटबॉटकडे निबंध सोपवला तर अभिप्राय चांगलाच मिळावा म्हणून.

मुद्रितशोधक:
प्रीप्रिंटला कृपा करून ‘पूर्वप्रकाशित’ म्हणू नका. माझ्याकडे आलेल्या एका लेखात होतं, “हे संशोधन पूर्वप्रकाशित स्वरूपात उपलब्ध आहे.” मासिकांच्या आवाहनात “पूर्वप्रकाशित साहित्य पाठवू नये” असतं, म्हणजे आधी कुठेतरी छापून आलेलं. प्रीप्रिंट बरोबर उलटं: अजून छापून यायचंय, परीक्षणही व्हायचंय. शब्दाने अर्थाची पगडी फिरवली.

भाषांतरकार:
‘मसुदा’ही नको, कारण लेखकाच्या दृष्टीने ते काम पुरं झालेलं असतं. मी ‘प्रीप्रिंट’च लिहिते आणि पहिल्यांदा आलं की “तज्ज्ञपरीक्षणाआधीच खुला केलेला निबंध” असं जोडते. १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी ‘अर्काइव्ह’ हे प्रीप्रिंटांचं भांडार सुरू केलं, तेव्हापासून भौतिकशास्त्रज्ञ हेच करत आले आहेत. इतक्या वर्षांत रुळलेल्या शब्दाला आता संस्कृत अंगरखा कशाला?

संशोधक विद्यार्थिनी:
आणि पेपर मिल? त्याच यंत्राने मला ‘कागद गिरणी’ दिलं.

जुने मास्तर:
हा हा! गिरणीत दळण तरी खरं असतं. पैसे घेऊन बनावट निबंध तयार करून देणारे ते, नाही का? मग ‘टांकसाळ’. निबंधांची टांकसाळ. खोटी नाणी पाडतात तसे निबंध पाडतात. ‘लेख पाडणे’ आपण म्हणतोच, आणि त्या ‘पाडणे’तला हेटाळणीचा सूर आयता मिळतो.

ग्रंथपाल:
वा. आणि नाणी बाजारात किती आली याचा अंदाज घ्या: २०२३ या एका वर्षात दहा हजारांहून जास्त निबंध रिट्रॅक्ट झाले, त्यातले आठ हजारांवर एकट्या ‘हिंदावी’चे. ते प्रकाशनगृह ‘वायली’ने २०२१ मध्ये विकत घेतलं होतं, नंतर त्यांनी ‘हिंदावी’ हे नावच वापरणं थांबवलं.

संशोधक विद्यार्थिनी:
अशा टांकसाळींतले काही नमुने बघण्यासारखे असतात. चोरी पकडली जाऊ नये म्हणून मूळ मजकुराला यंत्राने पर्यायी शब्द लावतात. कॅबनाक, लाबे आणि मागाझिनोव्ह यांनी २०२१ मध्ये असे शब्दप्रयोग गोळा करून दाखवले. ते मराठीत कसे दिसतील ते करून पाहिलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी ‘नकली शुद्ध’. स्तनाच्या कर्करोगाच्या जागी ‘उराचं संकट’. सिग्नल आणि नॉइज यांचं गुणोत्तर, त्याचं ‘झेंडा-कल्ला गुणोत्तर’!

मुद्रितशोधक:
इंग्रजीत याला ‘छळलेले’ शब्दप्रयोग म्हणतात. मराठीत ‘पिळलेले’ म्हणा, चोळामोळा झालेलं दिसतं. खरं सांगू, आपल्या काही सरकारी परिभाषाकोशांतले शब्द यांच्या शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत.

ग्रंथपाल:
माझा आवडता नमुना वेगळाच. अनेक निबंधांत ‘व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ नावाचं तंत्र सापडलं. असं तंत्र जगात नाही. १९५९ च्या एका लेखात दोन रकाने शेजारी होते. डावीकडच्या ओळीत ‘व्हेजिटेटिव्ह’, उजवीकडे ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’. स्कॅन करणाऱ्या यंत्राने रकाना न पाळता सलग वाचलं असावं. दुसरं कारण फारसी असावं: खरं तंत्र ‘स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’, आणि फारसीत ‘स्कॅनिंग’ आणि ‘व्हेजिटेटिव्ह’ या अर्थांच्या शब्दांत जेमतेम एका ठिपक्याचा फरक.

जुने मास्तर:
म्हणजे ‘ध’चा ‘मा’. आपल्याकडे त्याने पेशवा गेला, तिथे नुसतं सूक्ष्मदर्शक बिघडलं.

भाषांतरकार:
सगळ्यांचे आभार. “संपादकांनी बाद ठरवला” असं वाक्य मासिकाला पाठवलं. सोबत चिठ्ठीही लिहिली, की कृपया ‘पेपर’ शब्द वापरू नका, ‘निबंध’ ठेवा, नाहीतर लोकांना वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर वाटतो.

आज प्रूफ आलं. ‘बाद’ ठेवलाय. मथळा असा: “आर्सेनिकचा पेपर बाद!”

मुद्रितशोधक:
पुन्हा घ्यावा लागणार. रसायनशास्त्राचे विद्यार्थी तारीख विचारायला फोन करतील.