अनुभव धागा : डोंगरातल्या शाळेचं वर्ष

रामबागची ताई
माझी भाची येत्या मार्चमध्ये हिमाचलात, स्पितीच्या एका गावात शिकवायला जाते आहे. तिचा जन्म आणि शिक्षण सगळं इंदूरचं. सराफ्याच्या खाऊबाजारात गराडूचे कंद तळायला लागले की थंडी आली, एवढीच आपली थंडीशी ओळख. तिथलं तापमान, रस्ते, उंची ही माहिती तिने काढली आहे. मला हवं आहे ते वर्गातलं. ऋतू बदलला की शिकवण्यात काय बदलतं? इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मंडळी उत्तरेच्या पहाडांत शिकवून आली आहेत. त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. तिला सगळं वाचून दाखवणार आहे.

तिलकनगर
ताई, मी स्पितीतच होते, काझा या तिथल्या मुख्य गावाच्या वरच्या बाजूच्या एका गावात, चार हजार मीटरच्या वर.

आपल्या डोक्यात शाळेचं वर्ष म्हणजे जून, पहिला पाऊस, नव्या वह्यांना कव्हरं. तिथे आपल्यासारखा पावसाळाच नाही, बहुतेक ढग अलीकडच्या डोंगररांगांवर रिकामे होतात. हिमाचलात काही शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते, काहींना हिवाळ्यात. स्पितीत ती हिवाळ्यात, साधारण जानेवारीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण सुट्टी संपली म्हणजे थंडी संपली असं नाही. भाची पोचेल तेव्हा गाव पांढरंच असेल.

वर्गाच्या मधोमध पत्र्याची शेगडी असते, तिला तिथे तंदूर म्हणतात. धुराडं छतातून बाहेर काढलेलं. जवळ बसलेल्याचे गाल भाजतात आणि भिंतीपाशी बसलेल्याची बोटं वळत नाहीत, म्हणून दर तासाला जागा बदलायच्या. बॉलपेनची शाई घट्ट होते, मुलं पेन बगलेत धरून बसतात. त्यामुळे पाढे, कविता, गोष्टी असं तोंडी काम तंदूरभोवती, आणि लेखी काम दुपारी अंगणात उन्हात. हे वेळापत्रक मला मुलांनीच शिकवलं.

एप्रिलमधली एक गोष्ट सांगते. शेतांवर अजून बर्फ असतो आणि मटार पेरायची घाई. मग बायका माती आणून बर्फावर पसरतात. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळपट माती ते शोषते, आणि खालचा बर्फ लवकर वितळतो. उष्णतेचा धडा पुस्तकात बराच मागे होता, मी तो तेव्हाच घेतला. दोन ताटल्यांत बर्फ घेतला, एका ताटलीवर मी मूठभर माती टाकू लागले. एक मुलगी म्हणाली, "मॅडमजी, पतली डालो. मोटी डालोगे तो बर्फ बच जाएगी." तिचं अगदी बरोबर होतं. जाड थर उष्णता खालपर्यंत पोचू देत नाही, उलट बर्फ झाकून ठेवतो. मग आम्ही तिसरी ताटली मांडली, जाड थराची. संध्याकाळपर्यंत तिच्यातच सर्वांत जास्त बर्फ उरला होता. हिमनदीवर दगडमाती साचली की तिथे काय होतं, हे त्या वर्गाला वेगळं समजावावं लागलं नाही.

मटार तोडणीच्या दिवसांत वर्ग निम्मा रिकामा होतो. तो गैरहजेरी म्हणून मोजणं मला पटत नाही. घरात वर्षाची रोख रक्कम त्याच पिकातून येते. पोती, वजन, भाव, ट्रकचं भाडं, सगळं गणित शेताच्या बांधावर तयार असतं. मी वही घेऊन तिथे जात असे.

सुदामानगर
वरचं वाचून आनंद झाला, पण एका बाबतीत माझा अनुभव कडू आहे.

मी उत्तराखंडात, चीनच्या सीमेकडच्या एका खोऱ्यात होतो. तिथली काही गावं वर्षातून दोनदा घर बदलतात. उन्हाळ्यात वर, बर्फ पडायच्या आधी खाली. शाळाही त्यांच्याबरोबर जाते. हजेरीपट, फळा, मध्यान्ह भोजनाची भांडी, सगळं बांधून न्यायचं. मुलांना त्याचं काहीच वाटत नाही. वर पोचल्यावर पहिला दिवस झाडलोट आणि खिडक्या दुरुस्त करण्यात जातो, दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू.

कडवटपणा आहे तो कीडाजडीबद्दल. मातीतल्या एका अळीला बुरशी लागते, अळी मरते, आणि बर्फ वितळला की तिच्या डोक्यातून काडीसारखा कोंब वर येतो. बाजारात त्याला फार मोठी किंमत आहे. गवतातून जेमतेम डोकावणारा तो कोंब मुलांच्या नजरेला लवकर दिसतो, म्हणून मे-जूनमध्ये घरंच्या घरं वरच्या कुरणांवर तंबू ठोकतात, मुलांसकट. परत आली की मुलं टूथब्रशने एकेका कीड्यावरची माती साफ करत बसायची, इतक्या हलक्या हाताने की एकही मोडत नसे.

शेतातल्या मटारासारखं याकडे बघता येत नाही. उंचावरची थंडी, निसरडे उतार, रात्री तंबूत. आणि त्या महिन्यात सुटलेलं वाचन लहान वर्गांत पुढे भरून निघत नाही. आईबापांवर रागावून उपयोग नाही, पैसा खरा आहे. मी एवढंच केलं, की निघण्याआधी प्रत्येक मुलाच्या पिशवीत गोष्टीचं एक पुस्तक दिलं आणि परतल्यावर ते मोठ्याने वाचून घेतलं. ज्या घरात मोठी बहीण होती तिथे ते पुस्तक उघडलं गेलं. बाकी बऱ्याच घरांत नाही. ही खंत अजून आहे.

लोकमान्यनगर
मी स्पितीशेजारच्या लाहौल खोऱ्यात होतो, अटल बोगदा व्हायच्या आधी. रोहतांग घाट बर्फाने बंद झाला की खोरं महिनोन्‌महिने तुटायचं, बाहेर पडायला हेलिकॉप्टरची वाट बघायची. 3 ऑक्टोबर 2020 ला 9.02 किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि ते दिवस गेले. स्पितीला मात्र त्याचा हिवाळ्यात उपयोग नाही, कारण लाहौल आणि स्पितीच्या मधला कुंझुम घाट बंदच असतो. मार्चमध्ये जायचं तर शिमला, रामपूर, किन्नौर असंच जावं लागेल. सामान त्या हिशोबाने बांधा.

वैशालीनगर
मी लडाखमध्ये होते. एक स्वयंपाकाचं सांगते, कारण शिकवायला पोटात काहीतरी हवं. साडेतीन-चार हजार मीटरवर पाणी 87-88 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजतच नाही, कुकर न्यायलाच हवा. पोहे मात्र नुसते भिजतात. भरपूर पोहे आणि इंदुरी सेव द्या, शेजारच्या घरांतही खपतात.

रामबागची ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. @तिलकनगर, घरी मुलं काय बोलतात? हिंदी चालेल ना?

तिलकनगर
मोठ्यांशी चालेल. घरी भोटी, म्हणजे तिथली बोली, शाळेत हिंदी. आपणही घरी मराठी आणि दाराबाहेर हिंदी असेच वाढलो, म्हणून इंदूरच्या माणसाला हे समजायला सोपं जातं. पण आपल्या गल्लीत हिंदी कानावर सतत पडत होती, तिथल्या पहिलीच्या मुलाच्या कानावर ती फारशी पडलेली नसते. भाचीला सांगा, पहिले काही आठवडे मुलांना आधी भोटीत मोजू द्यावं आणि स्वतःही ते आकडे शिकून घ्यावेत. हिंदीचे आकडे त्यानंतर, हातात मटाराचे दाणे देऊन. उनतालीस (39) आणि उनचास (49) यांत घोळ होतोच. तिथे घाई केली तर मूल गणितात कच्चं आहे असं उगाच वाटतं.