'किमान १०,०००' की '१०,०००च्या वर'?

प्रश्न : सिम्युलेटरवर अमेरिकेतल्या विमानतळांवर उतरायचा सराव करतोय आणि मराठीत टिपणं काढतोय. 'स्टार' म्हणजे आगमनमार्गाच्या चार्टवर उंचीचे काही आकडे अधोरेखित असतात. ते जास्त महत्त्वाचे का?

प्रतिसाद : अधोरेखित म्हणजे महत्त्वाचं, ही शाळेतली सवय इथे सोडा. आकड्याखालची रेघ म्हणजे जमीन : त्या उंचीवरून किंवा त्याहून वरून जा. आकड्यावरची रेघ म्हणजे छत. दोन्हीकडे रेघ असेल तर नेमकी तीच उंची. टिपणात 'किमान' आणि 'कमाल' लिहा. 'दहा हजारांच्या वर' म्हटलं की खुद्द दहा हजार त्यात धरायचे की नाही, यावर आपण इथे आठवडाभर भांडू. चार्टवर ते धरलेले असतात.

प्रश्नकर्ता : आणि 'एक्स्पेक्ट' लिहिलेलं असतं ते? 'अपेक्षित' चालेल?

प्रतिसाद : नको. आपल्याकडे 'शिस्त अपेक्षित आहे' हा सौम्य हुकूमच असतो. चार्टवरचं 'एक्स्पेक्ट' केवळ नियोजनापुरतं. नियंत्रकाने तोंडी सांगेपर्यंत ते बंधन नाही. 'संभाव्य' बरं.

आणखी एक प्रतिसाद : आकड्यांपेक्षा नियंत्रकाचं क्रियापद नीट ऐका. 'डिसेंड व्हाया' म्हणजे वाटेतल्या छापील उंच्या पाळत उतरा. 'डिसेंड अँड मेंटेन' म्हटलं तर अमेरिकेत त्या उंच्यांचं बंधन सुटतं. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या २०१६च्या पद्धतीत मात्र स्पष्ट शब्दांत रद्द केल्याशिवाय सुटत नाही. सिम्युलेटरवरची अमेरिकन सवय युरोपात नेऊ नका.

'क्लिअर्ड', म्हणजे 'परवानगी आहे', या शब्दावरून तर जीव गेलेत. स्टारचं नाही, पण अप्रोचचं, म्हणजे धावपट्टीकडे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचं उदाहरण : १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं उड्डाण ५१४, वॉशिंग्टनजवळचा डलेस विमानतळ. अप्रोचची परवानगी मिळाली, म्हणजे १,८०० फुटांवर उतरायला हरकत नाही, असं वैमानिकांनी धरलं. चार्टच्या आराखड्यात (वरून दिसणाऱ्या नकाशात) त्या पट्ट्यासाठी ३,४०० फूट किमान छापलेलं होतं. शेजारच्या उभ्या छेदात (बाजूने दिसणाऱ्या उताराच्या आकृतीत) तो टप्पाच नव्हता. विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. उंची सांभाळणं कोणाचं काम, यावर तपास मंडळातही ३ विरुद्ध २ अशी फूट पडली. पुढे अमेरिकेत नियमच लिहिला गेला : छापील मार्गावर येईपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही.