लोटस सेव्हनच्या घरगुती प्रतिकृतीसाठी इंजिन कोणते निवडावे?

कोव्हेंट्रीकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी मूळचा सांगलीचा असून गेली ११ वर्षे इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री येथे राहतो. घरालगतच्या गॅरेजमध्ये गेल्या हिवाळ्यापासून लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीची दोन आसनी उघडी गाडी बांधत आहे. २५ मिमी चौकोनी आणि १.६ मिमी जाडीच्या पोलादी पाइपांची चासी, म्हणजे सांगाडा, उभी राहिली आहे. तिला सध्या नुसते टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारलेले आहेत, पक्के वेल्डिंग बाकी आहे. इंजिन ठरल्याशिवाय माउंटिंगच्या जागा ठरत नाहीत आणि त्या ठरल्याशिवाय वेल्डिंग पुढे सरकत नाही, म्हणून काम दीड महिना जागच्या जागी आहे.

माझ्यासमोर चार पर्याय आहेत. पहिला, १९९६ सालची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर, दरवाजांखालचा पत्रा पुरता गंजलेली, पण चालू स्थितीत, अख्खी गाडी. दुसरा, फोर्डचे २ लिटर झेटेक इंजिन आणि त्यासोबत फोर्डच्याच सिएरा गाडीचा टाइप ९ गिअरबॉक्स. तिसरा, सुझुकी हायाबुसा मोटारसायकलचे १२९९ सीसीचे इंजिन. चौथा, रोव्हरचे के-सिरीज १.८, जे एक स्नेही जवळजवळ फुकट देण्यास तयार आहेत. इंजिन, गिअरबॉक्स आणि ते जोडण्याचा सगळा खर्च मिळून २००० पौंडांच्या पुढे जाण्याची माझी तयारी नाही.

रविवारी पत्नीसोबत कॉट्सवोल्ड्सच्या रस्त्यांवर फेरफटका आणि वर्षातून दोन-तीन वेळा ट्रॅक, इतकाच गाडीचा उपयोग आहे. गाडी आयव्हीए या, अशा घरी बांधलेल्या गाड्यांच्या सरकारी तपासणीतून पार पडून रीतसर रस्त्यावर यावी ही अट मात्र आहे. अश्वशक्तीचे आकडे पाहिले की मन हायाबुसाकडे ओढ घेते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आपण काय सुचवाल?

बारा_तेराचा_पाना

मी २०१६ मध्ये लेस्टरला एमएक्स-५ च्या सामानावर अशीच गाडी पूर्ण केली, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आपण इंजिनांची तुलना करत आहात. तुलना इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारी पेटी, थोडक्यात डिफ) या तिघांची एकत्र करावी लागते. गिअरबॉक्सचेच पाहा. टाइप ९ मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५ आणि दुसऱ्याचे १.९७ आहे, म्हणजे पहिल्यात मिनिटाला ६५०० फेऱ्यांपर्यंत ताणून दुसरा टाकला की इंजिन थेट ३५०० वर कोसळते. जड सिएरा जागेवरून हलवण्यासाठी पहिला गिअर इतका आखूड ठेवणे योग्यच होते, परंतु ६०० किलोंच्या गाडीत तो चौक ओलांडेपर्यंत संपतो. एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या पेटीत हीच गुणोत्तरे ३.१३६ आणि १.८८८ आहेत, त्यामुळे त्याच ठिकाणी इंजिन ३९०० च्या वर राहते. हे चारशे फेरे कागदावर किरकोळ वाटतात, पण वळणातून बाहेर पडताना गाडी ओढते की गुरगुरते, ते त्यांच्यावरच ठरते.

आता वरचा गिअर. पाचव्याचे गुणोत्तर ०.८१४, १.८ च्या डिफचे ४.१ आणि १८५/६० आर १४ टायरचा परीघ सुमारे १.८ मीटर धरला, तर ३००० फेऱ्यांना ताशी ९७ किलोमीटर, म्हणजे ६० मैल, वेग येतो. मोटरवेवर ७० मैलांना इंजिन साडेतीन हजारांच्या आसपास फिरते. छप्पर नसलेल्या गाडीत वाऱ्याचा आवाज त्याहून मोठा असतो, म्हणून मला त्याचा त्रास कधी झाला नाही.

अख्खी गाडी घेण्याचा खरा फायदा मात्र किरकोळ सामानात आहे. हब, ब्रेक, ड्राइव्हशाफ्ट, स्टीअरिंग रॅक, पेट्रोलचा पंप, इंजिनचा संगणक आणि त्याची वायरिंग हे सर्व एकमेकांसाठीच बनलेले असते. सुटे इंजिन स्वस्त मिळते आणि मग बेलहाऊसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच), क्लच, फ्लायव्हील, संगणक असे एकेक घेता घेता इंजिनच्या दुप्पट पैसे जातात. झेटेकबाबत हे विशेष खरे आहे, कारण ते आडवे बसवण्यासाठी आखलेले आहे. उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवले की थर्मोस्टॅटचे घर हेडच्या मागल्या टोकाला, बरोबर फायरवॉलच्या (इंजिन आणि आसनांमधल्या पत्र्याच्या) तोंडाशी येते, आणि पाण्याची वाट नव्याने काढावी लागते. एमएक्स-५ चे इंजिन मुळातच उभे आहे आणि मागची चाके फिरवते.

त्रास कुठे होतो, तेही सांगतो. मूळ गाडीत गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणारी एक लांब ॲल्युमिनियमची चौकट असते. आपली चासी वेगळ्या मापाची असल्याने ती काढावी लागेल आणि मग गिअरबॉक्सच्या शेपटाला व डिफच्या नाकाला स्वतंत्र आधार द्यावा लागेल. डिफचा आधार कच्चा करू नका. क्लच सोडल्यावर डिफ नाक वर उचलू पाहतो, आणि मी पहिल्यांदा लावलेली ३ मिमीची पट्टी दोन महिन्यांत वेल्डच्या कडेने फाटली होती. प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफकडे ताकद नेणारा दांडा) कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो, ते काम घरी करू नये.

वायरिंगसाठी धीर लागतो. मी संपूर्ण लूम (तारांचा जुडगा) जेवणाच्या टेबलावर पसरून, काचा, एअरबॅग आणि मध्यवर्ती लॉकच्या तारा एकेक करून काढल्या, प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी बांधली, आणि ते टेबल आम्हाला जेवायला तीन आठवड्यांनी परत मिळाले.

दहा_हजार_फेरे

हायाबुसाचे नाव निघाले म्हणून लिहितो. डर्बीत माझ्याकडे चार वर्षे फायरब्लेडचे ९१९ सीसी इंजिन बसवलेली गाडी होती. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, कारच्या इंजिनापेक्षा कितीतरी हलके, गिअर पुढे-मागे एका दांड्याने पडणारे. ट्रॅकवर तिच्यासारखी मजा मला पुन्हा मिळालेली नाही. तरीही आपल्या वापरासाठी मी ते सुचवणार नाही.

पहिली अडचण तेलाची. मोटारसायकल वळताना कलते, त्यामुळे संपमधले (इंजिनाखालच्या भांड्यातले) तेल तळाशीच राहते. कार कलत नाही, तेल बाहेरच्या बाजूला चढते, पिकअपचे (तेल ओढणाऱ्या नळीचे) तोंड उघडे पडते आणि पंप हवा ओढतो. लांब उजव्या वळणावर दाबाचा काटा खाली जाताना मी पाहिला आणि सरळ रस्ता आल्यावर तो वर आला म्हणून दुर्लक्ष केले. त्याच दिवशी संध्याकाळी कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वाजू लागले. उघडल्यावर शेलवरचा थर तांब्यापर्यंत घासलेला निघाला. चूक माझीच होती, कारण संपमध्ये बॅफल (तेल अडवणारे पडदे) घालायचे काम मी पुढच्या हिवाळ्यावर ढकलले होते. हायाबुसासाठी बॅफल किंवा ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची सोय) ही चैन नव्हे, पहिल्या दिवसाची गरज आहे आणि तिचा खर्च आपल्या २००० पौंडांतूनच जाईल.

दुसरी अडचण रिव्हर्सची. मोटारसायकलच्या पेटीत तो नसतो, म्हणून प्रॉपेलर शाफ्टच्या मध्ये वेगळी रिव्हर्स पेटी घालावी लागते. तिसरी आवाजाची. आयव्हीएमध्ये उभ्या गाडीचा आवाज कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशांवर मोजतात आणि मर्यादा ९९ डेसिबलची असते. ज्या इंजिनाची कमाल शक्ती दहा हजारांच्या आसपास येते, त्याचा आवाज साडेसात हजारांवर मोजला जाणार. माझी गाडी पहिल्या खेपेला त्यातच नापास झाली. आणि चौथी गोष्ट, जी ब्रोशरमध्ये नसते: दोन माणसे बसवून चढावर गाडी सुरू करताना क्लचचा वास येतो आणि शेजारी बसलेली व्यक्ती आपल्याकडे पाहते. माझी पत्नी तिसऱ्या रविवारनंतर आली नाही.

जुना_फोर्ड

वरील दोघांच्या मतांचा आदर राखून थोडे वेगळे सांगावेसे वाटते. सेव्हन १९५७ मध्ये आली, तेव्हा तिच्यात फोर्डचे ११७२ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते आणि त्याची शक्ती आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही कमी होती. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी गाडी वजनात वेगवान केली होती, शक्तीत नव्हे. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क घेतलेल्या केटरहॅमने तर अगदी अलीकडे सुझुकीच्या ६६० सीसी, तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनावर सुमारे ४९० किलोंची आणि ८० अश्वशक्तीची गाडी विकली. तेव्हा १३० अश्वशक्ती कमी पडेल काय, ही चिंता सोडून द्यावी.

रोव्हरच्या के-सिरीजबद्दल कोणी काही लिहिले नाही. ते पूर्ण ॲल्युमिनियमचे आणि शंभर किलोंच्या आसपास असल्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार खरोखर घटतो, आणि केटरहॅमने ते वर्षानुवर्षे वापरले आहे. हेडपासून तळाच्या बेअरिंग-चौकटीपर्यंत आरपार जाणाऱ्या लांब बोल्टांनी त्याचे थर आवळलेले असतात. एकदा तापले की हेड गॅस्केट जाते, ही त्याची ख्याती सर्वश्रुत आहे. फुकट मिळाले तरी हेड उतरवून, लायनरची (सिलिंडरमधल्या आतल्या नळीची) उंची मोजून, नवे गॅस्केट व नवे बोल्ट घालूनच बसवावे. शिवाय उभे बसवायचे तर गिअरबॉक्स पुन्हा टाइप ९ च आणि त्यासाठी खास बेलहाऊसिंग, म्हणजे फुकटचे इंजिन फुकट राहत नाही.

मी स्वतः फोर्डच्या केंट क्रॉसफ्लो या जुन्या इंजिनावर समाधानी आहे. दोन वेबर कार्बोरेटर, संगणक नाही, आणि बोनेट उघडले की १९६८ ची गाडी दिसते. आयव्हीएमध्ये धुराची कसोटी इंजिनाच्या वयावर ठरते: ऑगस्ट १९७५ पूर्वीच्या इंजिनाचा नुसता डोळ्यांना दिसणारा धूर पाहतात, तर १९९६ च्या इंजिनाला कॅटलिस्टसह (धूर स्वच्छ करणाऱ्या भागासह) कार्बन मोनॉक्साइडची काटेकोर मर्यादा पाळावी लागते. मात्र चांगले क्रॉसफ्लो आता स्वस्त राहिलेले नाही, आणि इंजिनाचे वय कागदपत्रांनी सिद्ध करता आले नाही तर या सवलतीचा काही उपयोग नाही.

भोसरीकर

इंग्लंडच्या नियमांतले मला काही कळत नाही, पण फॅब्रिकेशनमध्ये २२ वर्षे गेली म्हणून एक सूचना. इंजिन आणण्यापूर्वी त्याची मापे घेऊन पुठ्ठ्याचा आणि थर्माकोलचा ठोकळा करावा आणि तो चासीत बसवून पाहावा. तीन ठिकाणी बघावे: संप चासीच्या खालच्या पाइपाखाली किती लोंबतो, एक्झॉस्टचे पाइप स्टीअरिंगच्या दांड्याच्या वाटेत येतात का, आणि गिअरचा दांडा हाताशी येतो की कोपराशी. चासी टॅकवर आहे तोवर एखादा पाइप ग्राइंडरने कापून सरकवणे अर्ध्या तासाचे काम आहे. पक्के वेल्ड झाल्यावर त्याच कामाला आठवडा लागतो आणि चासी ओढली जाते ती वेगळीच.

जाता जाता, आमच्याकडेही हा नाद असलेले आहेत. पुढे उभे इंजिन आणि मागच्या चाकांना ताकद हवी म्हटले की मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे ८० अश्वशक्तीचे इंजिन आठवते, कारण तिचा गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (चारही चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे असल्याने ट्रान्स्फर केस काढून टाकता येतो. पण एकट्याने बांधलेल्या गाडीसाठी तुमच्या आयव्हीएसारखी सुटसुटीत वाट इथे नाही. नव्या गाडीचा नमुना एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेकडून मंजूर व्हावा लागतो, आणि असलेल्या गाडीत मनाजोगा फेरफार करावा म्हटले तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते. वेताळ टेकडीवरची एआरएआय माझ्या घरापासून तासाभरावर आहे, पण माझी गाडी तिथवर पोहोचायची नाही, म्हणून तुमचीच पाहून समाधान मानतो.

कोव्हेंट्रीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भोसरीकरांच्या सांगण्यावरून शनिवारी एमएक्स-५ च्या इंजिनाची मापे मालकाच्या अंगणात जाऊन घेतली आणि रविवारी पुठ्ठ्याचा ठोकळा केला. संप खालच्या पाइपाच्या ६० मिमी खाली येतो आणि कॅम कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण) बोनेटच्या रेषेपेक्षा ३५ मिमी वर जाते, म्हणजे इंजिन खाली घ्यावे तर रस्ता आडवा येतो आणि वर घ्यावे तर बोनेट. गिअरबॉक्ससाठी बोगदा डाव्या बाजूला ४० मिमी रुंद करावा लागेल. तिथला पाइप टॅकवरच असल्यामुळे तो आज कापलासुद्धा.

हायाबुसाचा विचार सोडला आहे. दहा_हजार_फेरे यांचा परिच्छेद पत्नीने माझ्या खांद्यावरून वाचला, त्यामुळे तो विषय घरातही मिटला. माझदा ठरली. आता एकच प्रश्न उरतो: संप कापून उथळ करावा आणि गेलेली तेलाची जागा बाजूला पंख काढून भरावी, की संप तसाच ठेवून बोनेटला फुगवटा द्यावा?

बारा_तेराचा_पाना

दोन्ही थोडे थोडे करावे. संप २५ मिमीने उथळ करून बाजूला पंख काढा, आत पिकअपभोवती झडपांचे बॅफल घाला आणि पिकअपची नळी तितकीच आखूड करायला विसरू नका; तिचे तोंड आणि तळ यांच्यात ८ ते १० मिमी अंतर राहिले पाहिजे. वेल्ड झाल्यावर संपमध्ये रॉकेल भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा, सकाळी कागदावर डाग दिसला तर पुन्हा वेल्ड करा. इतके करूनही संप ३५ मिमी खाली राहील, तेव्हा त्याच्या पुढे चासीला एक आडवी पट्टी द्या, म्हणजे रस्त्यावरच्या उंचवट्याचा पहिला मार तिला बसेल. बोनेटचा फुगवटा शेवटी करा, इंजिन माउंटिंगवर बसून कॅम कव्हरची उंची पक्की झाल्यावर. मी तो आधी केला होता आणि दोनदा केला.