नाइटहॉन्टचा झगा खडू फासल्यासारखा दिसतोय

सुतारपक्षी: वॉरहॅमर खेळातल्या नाइटहॉन्ट या भुतांच्या फौजेचे वीस चेनरास्प, म्हणजे छोट्या मूर्ती (मिनी), रंगवायला घेतलेत. पांढरा प्रायमर, त्यावर हेक्सरेथ फ्लेम हा हिरवा रंग पाणी घालून, वाळल्यावर पांढऱ्याचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासला. हिरवी झाक आधी सुरेख होती. ड्रायब्रशनंतर मात्र आरपार काहीच वाटेना, खडू फासल्यासारखं झालं. शिवाय सपाट भागावर डाग पडलेत, चहाच्या कपाचे टेबलावर उठतात तसे. सहा झालेत. सगळं पुसून काढू का?

निळीशाई: पुसू नकोस, सहाही वाचतील.

डाग पाण्यामुळे पडलेत. पाणी जास्त झालं की रंग कडेला वाहत जातो आणि तिथेच वाळतो. त्याऐवजी मिडियम, म्हणजे रंग पातळ करायचा बिनरंगी द्रव, वापर; मी लाहमियन वापरते. थेंबभर रंगाला दोन-तीन थेंब मिडियम, आणि ब्रश मिनीवर नेण्याआधी कागदावर एकदा टेकव. फटकारा जिथे संपतो तिथे रंग साचतो, म्हणून फिकट बाजूकडून गडद बाजूकडे ओढायचा.

आता खडूचं. मीही वर्षभर उंचवट्यांवर पांढरा घासत होते आणि माझी भुतं प्लास्टरची वाटायची. मग एकदा खिडकीत वाळत घातलेली मलमलची ओढणी नीट पाहिली. मागून ऊन येत होतं. जिथे कापडाच्या चुण्या एकावर एक आल्या होत्या तिथे ती गडद होती, आणि जिथे एकच पदर होता तिथून मागचे गज दिसत होते. साध्या झग्यावर आपण उंचवटे उजळतो. भुताचा झगा याच्या नेमका उलटा! चुण्यांचे कंगोरे गडद ठेव, मधला पातळ भाग फिकट राहू दे. ड्रायब्रशने तुझा पांढरा नको तिथेच बसलाय. त्या कंगोऱ्यांवर हिरव्याचे दोन पातळ हात दे, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

आणि झग्याची खालची फाटकी कड बेसच्या, म्हणजे मूर्तीखालच्या चकतीच्या, मातीच्या रंगाने अगदी विरळ माखून घे. आरपार वस्तूतून मागचं दिसतं, ते हेच. साखळ्या आणि शस्त्रं मात्र ठाम, अपारदर्शक आणि गंजलेली हवीत. गंजाच्या नारिंगीशेजारी हिरवा आपोआप विरळ वाटतो.

दमटहवा: मिनीवर बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर प्रायमरही दाणेदार बसलाय. मुंबईत जून ते सप्टेंबर दमट हवेमुळे मी स्प्रेच्या प्रायमरला हातच लावत नाही, ब्रशने लावायचा प्रायमर वापरतो.

सुतारपक्षी: प्रायमर गुळगुळीत आहे. ताई, काल रात्री एकावर करून पाहिलं. कंगोऱ्यांवर दोन हात दिले, कडेला तपकिरी. कड बेसमध्ये विरून गेल्यासारखी दिसतेय! फक्त टोपीच्या आत काय करू? तिथे काळं ठेवलंय.

निळीशाई: काळं नको, ते भोक वाटतं. तिथे सगळ्यात गडद हिरवा भर, आणि कवटी त्यापेक्षा बरीच फिकट ठेव.