ड्रॅकेन्सबर्गमधली सान लोकांची चित्रं: गाईडशिवाय का सोडत नाहीत?

डोंगरवेडी:
साउथ आफ्रिकेत ड्रॅकेन्सबर्गला ट्रेकला जायचं चाललंय. तिथे सान लोकांनी (तिथले मूळचे शिकारी-भटके) कपारींत रंगवलेली चित्रं आहेत पण ती बघायला म्हणे गाईड लागतोच. अख्खा डोंगर एकट्याने तुडवा, चालतं, आणि चित्रं बघायला सोबत माणूस?? धंदा आहे का हा? आणि खरंच किती जुनी आहेत ती?

गेरू:
धंदा नाही हो. चित्रं फिकट दिसतात म्हणून लोक फोटोसाठी त्यावर पाणी मारायचे, ओलं झालं की रंग दोन मिनिटं झकास उठतो पण वाळताना खडकातलं मीठ वर येतं आणि पापुद्रा सुटला की चित्रही गेलं, मुळात तो वाळूचा खडक, आधीच ठिसूळ. शिवाय शेकोट्यांचा धूर, कोरलेली नावं. १९९९ च्या हेरिटेज कायद्याने तिथे चित्राला धक्का लावणं गुन्हा आहे, पण कपारीकपारीत पोलीस कोण बसवणार? म्हणून सोबत गाईड.

वयाचं म्हणाल तर सानांनी तिथे साधारण ४,००० वर्षं रंगवलंय. नेमकं एकेका चित्राचं वय काढणं अवघड, कारण गेरूत कार्बनच नसतो, कोळशाचा काळा रंग असेल तर काहीतरी हाती लागतं. काही चित्रांत घोडे आणि बंदुका आहेत, ती मात्र गोरे आल्यानंतरचीच.

रानवाटा:
ड्रॅकेन्सबर्गमधल्या कँबर्ग भागातली गेम पास ही चित्रांची कपार चुकवू नका! तिथे एक मरणारं ईलँड आहे (नीलगाईपेक्षाही धिप्पाड प्राणी), मान खाली, मागचे पाय एकमेकांत अडकलेले, अंगावरचे केस उभे, आणि त्याची शेपूट धरलेला माणूस, त्याचेही पाय तसेच अडकलेले आणि पायाला खूर! लोक आधी ही नुसती शिकारीची चित्रं समजायचे. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स म्हणाले की हा नाचून समाधीत गेलेला वैदू आहे, ईलँडची ताकद अंगात घेतोय. सगळं पटत नाही मला, प्रत्येक चित्रात समाधी शोधायची म्हणजे जरा अतीच, पण हे चित्र बघितल्यावर दुसरं काही सुचत नाही हेही खरं.

डोंगरवेडी:
बापरे, खूर? आणि सान लोक आता कुठायत तिथे?

गेरू:
एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी मारले, हुसकले, उरलेले शेजारच्या झुलू-सोथो लोकांत मिसळले. पण वंशज आहेत, ड्युमा घराण्यातले लोक स्वतःला सान वंशाचे म्हणवतात आणि गेम पासला जाऊन पूर्वजांसाठी विधी करतात. २००० साली ड्रॅकेन्सबर्गचं पार्क युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, २०१३ ला शेजारच्या लेसोथो देशाची बाजूही जोडली, तरी मला विचाराल तर खडकाइतकंच या लोकांचं तिथे येणं-जाणं टिकायला हवं.

डोंगरवेडी:
ओके, गाईड घेतो मग. गेम पास की जायंट्स कॅसल (तिथेही चित्रं आहेत ना), एकच दिवस आहे.

रानवाटा:
गुडघे धड असतील तर गेम पास, चढ आहे. नाहीतर जायंट्स कॅसलच्या मेन केव्हज. आणि पाण्याची बाटली बॅगेतच ठेवा 😄