उताराच्या प्लॉटवर घराची उंची कुठून मोजतात?

प्रश्न: पुण्यात धायरीला आमचा उताराचा प्लॉट आहे, मागची बाजू रस्त्यापेक्षा सात फूट खाली. आईबाबांना जिने चढवत नाहीत, म्हणून मुरमाचा भराव घालून सगळं रस्त्याच्या पातळीला आणायचंय. उंची भरावापासून धरतील का?

उत्तर १: यूडीसीपीआर २०२० (राज्याची बांधकाम नियमावली) प्रमाणे सपाट छताच्या घराची उंची इमारतीलगतच्या जमिनीच्या सरासरी पातळीपासून धरतात. भरावाआधीच आर्किटेक्टकडून मूळ पातळ्यांचा कंटूर नकाशा करून घ्या. नंतर मूळ जमीन दाखवणार कशी?

उत्तर २: दादा, पाण्याचंही बघा! शेजारच्या भरावामुळे ओढ्याकडे जाणारं पाणी अडलं आणि दर पावसाळ्यात आमच्या भिंतींना ओल येते. फार त्रास होतो हो. शिवाय ताज्या भरावावर पाया नको, कॉलम खाली पक्क्या जमिनीपर्यंत न्या.

प्रश्नकर्ता: ताई, मग भराव नकोच. मागे खाली पार्किंग काढतो, आईबाबांची खोली रस्त्याच्या पातळीलाच. नकाशाचं आर्किटेक्टशी आजच बोलतो.